एका माणसाचं माप

मेथीची जुडी एकट्या माणसाला मोठी पडते. कोथिंबिरीची त्याहून मोठी. पाच लिटरच्या कुकरमध्ये थेट लावलेला अर्धी वाटी भात तळाला लागतो, आणि पाककृतींच्या पुस्तकात बघावं तर प्रत्येक पदार्थ चार-पाच जणांसाठी. शिकायला पुण्यात आलेला मुलगा, बदली झाली म्हणून नागपूरला खोली घेऊन राहणारी बाई, मुलं परदेशी गेल्यावर ठाण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच उरलेले आजोबा, तिघांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "एकट्यासाठी कुठे करत बसायचं?" यात थोडा आळस असतो, थोडा कंटाळा असतो, पण खरी अडचण मापाची असते. आपला बाजार, आपली भांडी आणि आपल्या हाताची सवय हे सगळं कुटुंबाच्या मापाचं आहे. एका माणसाचं माप बसलं की एकट्याचा स्वयंपाक रोजच्या अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो आणि पोटालाही बरा पडतो.

पूर्वी एकट्या माणसाचं जेवण बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी चुलीवर व्हायचं. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. आज या घरी, उद्या त्या घरी. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गाळ्यात दाटीवाटीनं राहत आणि खानावळीत जेवत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे माणूस एकटा असला तरी त्याची भाकरी पंचवीस जणांच्या परातीतून यायची. फक्त आपल्यापुरतं घर आणि फक्त आपल्यापुरता गॅस ही तशी नवी गोष्ट आहे. म्हणून ती शिकावी लागते.

दिवसाला किती, महिन्याला किती

सुरुवात किराण्याच्या यादीपासून करावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात २००० कॅलरींच्या ताटाचा दिवसाचा हिशेब दिला आहे: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. बैठं काम करणाऱ्या प्रौढ माणसाला हा अंदाज चालतो. अंगमेहनत करणाऱ्याला अर्थातच जास्त लागतं.

याला तीसनं गुणलं की एका माणसाची महिन्याची यादी तयार होते:

- धान्यं साडेसात किलो: कणीक तीन, तांदूळ दोन, ज्वारी-बाजरी-नाचणीची पिठं दीड, पोहे आणि रवा मिळून एक किलो.
- डाळी-कडधान्यं अडीच किलो: तूरडाळ, मूगडाळ, मटकी, हरभरे, चवळी, बेसन. मासे, अंडी, चिकन खाणाऱ्यांनी त्या मानानं कमी घ्यावीत.
- शेंगदाणे, तीळ, जवस, सुकामेवा मिळून एक किलो.
- तेल-तूप मिळून आठशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकट्याला तेलाची एक लिटरची पिशवी महिनाभर पुरून थोडी उरली पाहिजे.
- दूध नऊ लिटर, दह्यासकट.
- भाजी आठवड्याला पावणेतीन ते तीन किलो.

मिठाचा हिशेबही असाच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मापानं एक किलोचा पुडा एका माणसाला सहा महिन्यांहून जास्त पुरायला हवा. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायची, म्हणजे महिन्याला पाऊण किलो ही कमाल मर्यादा झाली, आणि त्यात बिस्किटांतली, सरबतातली साखरही आली.

दुपारचं जेवण ऑफिसच्या कँटीनमध्ये होत असेल तर यादीतून तेवढा भाग वजा करावा. वाणसामान मोठ्या पुड्यात स्वस्त पडतं हे खरं, पण पाच किलो कणीक एकट्याच्या घरी पावसाळ्यात जाळी धरते. मसाले पन्नास किंवा शंभर ग्रॅमच घ्यावेत. एक-दोन महिन्यांत संपतात आणि वास टिकून असतो तोवर संपतात.

भांडी: थोडी आणि लहान

दोन किंवा तीन लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे, लोखंडी तवा, लहान कढई, झाकणासह एक पातेलं, फोडणीची पळी, पोळपाट-लाटणं, सुरी, सांडशी आणि मिसळणाचा डबा. एवढ्यात संसार चालतो.

कढई लहान असण्याला कारण आहे. रुंद कढईत चमचाभर तेल पसरून जातं, त्याचं थारोळं होत नाही. मोहरी कोरड्या पत्र्यावर पडते आणि तडतडायच्या आधी करपते. मग हात आपोआप तेलाच्या बुधलीकडे जातो आणि एका माणसाच्या भाजीत तीन माणसांचं तेल पडतं. वीतभर तोंडाच्या कढईत तेच चमचाभर तेल तळाशी गोळा होतं आणि फोडणी नीट बसते.

चौघांची कृती नुसती चारानं भागून चालत नाही, हेही लक्षात ठेवावं. मीठ, तिखट, गूळ भागले जातात. पाणी आणि वेळ भागले जात नाहीत. वाटीभर आमटी उकळताना जितकी वाफ उडते, त्या मानानं पातेलंभर आमटीतली कमी उडते. म्हणून थोड्या आमटीला हिशेबापेक्षा थोडं जास्त पाणी आणि मंद आच लागते. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं ते वाटी-चमच्याची मापं घेऊन, आणि नव्यानं चूल मांडणाऱ्या कितीतरी घरांना त्यामुळे धीर आला. एकट्यानंही आपली एक वाटी आणि एक चमचा ठरवून टाकावा आणि सगळं त्यानंच मोजावं. दीडशे मिलिलिटरच्या आमटीच्या वाटीत तांदूळ किंवा डाळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मावते.

कुकर एकदा, जेवणं दोन

एकट्याच्या स्वयंपाकातली सर्वांत मोठी बचत कुकरात होते. तळाशी पाणी, खालच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, वरच्या डब्यात तांदूळ, आणि बाजूला जागा उरली तर एखादा बटाटा, बिटाचा तुकडा किंवा लाल भोपळ्याची फोड. एकाच आचेवर तीन गोष्टी शिजतात.

डाळ घोटून तिचे दोन भाग करावेत. पहिल्याचं साधं वरण: हळद, हिंग, मीठ, वरून तूप-लिंबू. दुसरा भाग झाकून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यात चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला घालून आमटी होते, नाहीतर पालक घालून डाळ-पालक, नाहीतर शेवग्याच्या शेंगा आणि टोमॅटो घालून पातळ सार. घोटलेलं वरण दोन दिवसांत संपवावं. एकाच चवीचं सलग तीनदा खावं लागलं की माणूस बाहेरचं मागवतो. म्हणून साठवायचं ते बिनफोडणीचं, आणि फोडणी रोज ताजी.

कुकर लहान असला तरी नियम तेच. डाळ-तांदूळ फुगतात, म्हणून तो निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, तळाशी पाणी पुरेसं असावं, आणि रिंग सैल झाली असेल तर दोन दिवस ढकलत न बसता बदलावी.

एका माणसाची खिचडी

अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ. दोन्ही धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवावं. लहान कुकरात थेट चमचाभर तूप किंवा तेल; मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्त्याची चार पानं, हळद. त्यात हाताशी असेल ती भाजी: मूठभर मटार, गाजराच्या चकत्या, फ्लॉवरचे दोन तुरे, चिरलेला दुधी. तांदूळ-डाळ घालून मिनिटभर परतावं. दाणे एकमेकांपासून सुटे होतात आणि भाजल्याचा हलका वास येतो, तेवढंच. मग तीन वाट्या आधणाचं पाणी, मीठ, अर्धा चमचा गोडा मसाला. तीन शिट्ट्या. कुकर आपोआप उतरू द्यावा. झाकण उघडल्यावर वर पाणी तरंगताना दिसलं तर घाबरू नये, डावानं दोनदा हलवलं की आळतं. मोकळी हवी असेल तर पाणी दोन वाट्यांवर आणावं.

सोबत वाटीभर दही आणि एखादी कोशिंबीर. अशा ताटात खिचडीतून अकरा आणि दह्यातून चार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. भाजी आत आहेच. घासायला एक कुकर, एक ताट, एक वाटी. दमून घरी आलेल्या माणसानं रात्री काय करावं याचं याहून चांगलं उत्तर आपल्याकडे दुसरं नाही.

डब्यातली पिठं

ज्या घरात भाजणी, बेसन आणि तांदळाचं पीठ आहे त्या घरात उपाशी झोपण्याची किंवा नूडल्सचं पाकीट फोडण्याची वेळ सहसा येत नाही.

थालिपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्यासोबत हरभरा आणि उडीद भाजून दळलेले असतात. धान्य आणि डाळ दोन्ही एकाच पिठात आली. कांदा, कोथिंबीर, तीळ, किसलेली काकडी किंवा कोबी घालून गोळा मळावा, तव्यावर थापावा, मध्ये भोकं पाडून थेंब-थेंब तेल सोडावं आणि झाकण ठेवावं. दही किंवा लोण्याच्या गोळ्याबरोबर जेवण पूर्ण.

एका माणसाच्या पिठल्याला तीन मोठे चमचे बेसन आणि सव्वा वाटी पाणी पुरतं. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, म्हणजे गुठळी होत नाही. फोडणीत ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. त्यावर कालवलेलं पीठ ओतून सतत हलवायचं. पिठलं कढईच्या कडेनं फुटफुटायला लागलं की झाकण घालून दोन वाफा. कच्च्या बेसनाचा वास गेला की झालं.

मूगडाळ सकाळी भिजत घालून संध्याकाळी वाटली की धिरडी होतात. पाव वाटी डाळीची दोन. ताकातली तांदळाची उकड, ज्वारीच्या पिठाची उकड, विदर्भातली उकडपेंडी, हे सगळे एका कढईत आणि पंधरा-वीस मिनिटांत होणारे पदार्थ. आजीच्या काळी ते न्याहारीचे होते. एकट्या माणसानं त्यांना रात्रीच्या जेवणाचा मान द्यायला हरकत नाही.

भाजीची जुडी आणि आठवड्याचा क्रम

भाजी वाया जाते ती बहुधा चुकीच्या क्रमानं वापरल्यामुळे. बाजारातून आल्यावर पहिल्या दोन दिवसांत पालेभाजी आणि कोथिंबीर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडी, गवार, वांगी, फ्लॉवर. आठवड्याच्या शेवटाला कोबी, गाजर, दुधी, बीट, लाल भोपळा. बटाटे आणि कांदे बाहेर, हवेशीर जागी, पण एकमेकांपासून दूर; शेजारी ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब येतात. हिरवे पडलेले बटाटे खाऊ नयेत.

पालेभाजी आणल्या आणल्या निवडावी, पण धुऊ नये. कोरड्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि लागेल तेवढीच धुवावी. एका मेथीच्या जुडीचे तीन पदार्थ सहज होतात: पहिल्या दिवशी लसणाच्या फोडणीची परतलेली भाजी, दुसऱ्या दिवशी वरणात मूठभर, उरलेली थालिपिठात. मुळ्याचा, बिटाचा, फ्लॉवरचा कोवळा पाला फेकू नये. पीठ पेरून त्याची भाजी होते.

शक्य असेल तिथे भाजीवाल्याकडून पावशेर-अर्धा पाव घ्यावी. हातगाडीवर दोन गाजरं, चार भेंड्या, एक वांगं मागायला लाजू नये. सुपरमार्केटची बांधलेली पाकिटं कुटुंबाच्या मापाची असतात आणि त्यातलं निम्मं एकट्याच्या फ्रिजमध्ये सुकतं.

कडधान्यांचंही असंच. वाटीभर मटकी सात-आठ तास भिजवून, पाणी काढून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात रात्रभरात आणि थंडीत दीड दिवसात मोड येतात, आणि वाटीच्या दोन-अडीच वाट्या होतात. एक भाग आज उसळीला, एक परवा. मोड आल्यानं क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह शोषलं जाण्यात आड येणारा फायटेटचा अंश घटतो. वर लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं लागू पडतं.

पोळीचा प्रश्न

एकट्यानं राहणाऱ्यांचा स्वयंपाक अडतो तो बहुतेक वेळा पोळीपाशी. कणीक मळा, लाटा, भाजा, परात घासा, ओटा पुसा. आणि हे सगळं तीन पोळ्यांसाठी. याला महाराष्ट्रानं काढलेला तोडगा म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र. पोळ्या तिथून आणाव्यात आणि आमटी, भाजी, उसळ घरी करावी. विकतच्या पोळीत फारसं काही बिघडत नाही. विकतच्या भाजीत तेल आणि मीठ किती पडलं हे मात्र आपल्या हातात राहत नाही.

घरीच करायच्या असतील तर दोन वेळची कणीक एकदाच मळून, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी; दुसऱ्या दिवशी वापरून टाकावी. जमत नसेल त्या दिवशी भात आहे, थालीपीठ आहे. भाकरी थापायला न येणाऱ्यांनी ज्वारी-नाचणीचं पीठ उकड काढून लाटून पाहावं. जेवणात धान्याचा वाटा असायला हवा, तो पोळीच्याच रूपात हवा असं कुठे लिहिलेलं नाही.

ताटाची डावी बाजू

मराठी ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. उजवीकडे भाज्या, मध्ये भात-वरण, पोळी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. एकट्याच्या ताटातून सर्वांत आधी नाहीशी होते ती डावी बाजू. भात-आमटी होते, पोळी-भाजी होते, पण कोण एवढ्यासाठी काकडी चिरणार? आणि नेमक्या याच बाजूला कच्ची भाजी, क जीवनसत्त्व, तीळ-दाण्यांतली स्निग्धता, दही असं सगळं बसलेलं असतं.

ती परत आणणं अवघड नाही. रविवारी पाव किलो शेंगदाणे भाजून कूट करून ठेवावं. जवस, कारळे, तीळ यांपैकी एकाची कोरडी चटणी वाटून बरणीत भरावी. पंधरा दिवस टिकते. मग रोज फक्त एकच काम उरतं: एक काकडी, गाजर, मुळा किंवा टोमॅटो चिरणं, त्यावर चमचाभर कूट, लिंबू किंवा दही, चिमूटभर मीठ. पाच मिनिटं. हे काम कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत संपतं.

फळ जेवणानंतर कापत बसायचं झालं तर राहून जातं. केळं, पेरू, संत्रं, चिकू अशी नुसती हातात घेऊन खायची फळं एकट्याला बरी. पपई किंवा कलिंगड अर्धं कापून मिळत असेल तर ते आपल्यासमोर कापून घ्यावं.

प्रथिनांचा हिशेब

प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, अशी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची शिफारस आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. एकटी राहणारी शाकाहारी माणसं इथे सहज कमी पडतात, कारण दिवसभरात पोहे, पोळी-बटाटा, भात-लोणचं असं धान्यावर धान्यच होत जातं.

एक साधा दिवस मांडून पाहू. सकाळी पाव वाटी मूगडाळीची धिरडी, सात ग्रॅम. पेलाभर दूध, सहा. दुपारी तीन पोळ्यांतून नऊ-दहा, पाव वाटी कोरड्या मटकीच्या उसळीतून सहा-सात. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, सात. रात्री वर सांगितलेली खिचडी आणि दही मिळून पंधरा. बेरीज पन्नासच्या घरात जाते. अंडी खाणाऱ्यांना एका अंड्यामागे सहा ग्रॅम मिळतात. निरोगी माणसाला प्रथिनांच्या पावडरींची गरज यात कुठे पडत नाही. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्या टाळायलाच सांगितलं आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

शिळं कधी चालतं, कधी नाही

एकट्याच्या घरी उरतंच. सकाळी फोडणीचा भात, फोडणीची पोळी करणं ही आपली जुनी आणि चांगली सवय. पण भाताची एक मेख आहे. बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदूळ शिजताना मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या होण्याला कारण ठरणारं हे विष नंतर कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. मे महिन्याच्या रात्री पातेल्यात तसाच राहिलेला भात म्हणूनच सकाळी फोडणीला घालू नये.

नियम सोपा आहे. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. लवकर गार व्हावं म्हणून भात ताटलीत पसरावा, मग डब्यात भरावा. फ्रिजचं तापमान पाच अंशांच्या खाली हवं. भात दुसऱ्या दिवशी संपवावा, गरम करताना वाफा येईपर्यंत करावा, आणि एकदाच करावा. फ्रिज नसेल तर उरणार नाही एवढंच शिजवणं हाच उपाय, आणि इथे पुन्हा वाटीचं माप कामाला येतं.

चहा, मीठ आणि पाकीट

चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. मुली-बायकांनी हे जास्त पाळावं. एकट्या माणसाचा चहा वाढतो तो सोबत म्हणून. आणि चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटं वाढतात. त्या जागी फुटाणे, चुरमुरे-दाणे, राजगिऱ्याची वडी घरात असली तरी पुष्कळ फरक पडतो. हातासमोर जे असतं तेच खाल्लं जातं.

मीठ ताटात जितकं दिसतं त्याहून जास्त न दिसता येतं: लोणचं, पापड, फरसाण, सॉस, नूडल्सचा मसाला. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, त्यामुळे पहिले तीन शब्द वाचले तरी आत मुख्यतः काय आहे याचा अंदाज येतो. मैदा, पाम तेल, साखर असा क्रम असेल तर ते जेवण धरू नये.

जेवणाची वेळ ठरलेली असावी आणि झोपेच्या दोन तास आधी जेवण झालेलं असावं. कढईतून थेट खाण्यापेक्षा ताट वाढून घ्यावं. किती खाल्लं हे ताटात दिसतं, कढईत दिसत नाही. मोबाइल समोर असला की पोट भरल्याचं उशिरा कळतं, हे प्रत्येकानं स्वतःवर पडताळून पाहावं.

उतारवयात एकटं राहताना

साठी-सत्तरीनंतर भूक मंदावते, दात त्रास देतात, आणि जोडीदार गेल्यावर स्वयंपाकाची इच्छाच मरते. मग सकाळी चहा-पोळी, रात्री दूध-बिस्किट असं सुरू होतं. पोट भरतं, पण स्नायू झिजत जातात. अशा वेळी पदार्थ मऊ हवेत आणि त्यात डाळ, दूध, भाजी हवीच: मऊ खिचडी, मेतकूट-तूप-भात, ताकातली उकड, मुगाचं कढण, घोटलेली पालेभाजी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिची आंबील किंवा दुधातली खीर हाडांसाठी चांगली. मधुमेह असेल तर खिरीत गूळ-साखर नको, आणि औषधांच्या वेळांशी जेवणाच्या वेळा जुळवून घ्याव्यात.

मुख्य जेवण दुपारी करावं. उजेड असतो, अंगात ताकद असते. भारी कुकर उचलवत नसेल तर झाकणाचं पातेलं आणि भिजवलेली मूगडाळ यांवरही भागतं. इमारतीत आणखी कुणी एकटं असेल तर आमटी एकीनं, भाजी दुसरीनं अशी वाटणी होऊ शकते. दोन घरांचं मिळून केलं की पातेल्याचं मापही जमतं आणि आठवड्यातून दोनदा पंगतही.

महिनाअखेरचा ताळा

आपण नीट खातो का, हे कळायला कॅलरी मोजणारं ॲप लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी डबे उघडून पाहावेत. तेलाची पिशवी वीस तारखेलाच संपली असेल तर तळण आणि फोडण्या जास्त झाल्या. डाळींचे डबे निम्मे भरलेले असतील तर प्रथिनं कमी गेली. दाण्याचं कूट तसंच असेल तर कोशिंबीर झालेली नाही. तेल उरलंय, डाळही उरलीय, कणीकही उरलीय, तर महिनाभर जेवण बाहेरून आलं. त्याचा हिशेब बँकेच्या खात्यात सापडेल. पुढच्या महिन्याची यादी याच ताळ्यावरून लिहावी: जे वेळेआधी संपलं ते वाढवू नये, आणि जे उरलं ते कमी करायच्या आधी ते का शिजलं नाही हे शोधावं. बहुतेक वेळा कारण छोटं निघतं. मटकी भिजत घालायला विसरायला होतं, तर भिजवायचं भांडं रात्री चहाच्या पातेल्याशेजारी काढून ठेवावं. कुकर मोठा आहे, तर लहान आणावा.